चोरचोळीचा खण

पाट मांडून झाला होता, त्याच्याभोवती रांगोळीची एक रेघही ओढून झाली होती, आणि प्रेरणा पाटावर बसायला तयार नव्हती.

सरुबाईला हे नवीन होतं. तिनं मांडलेल्या पाटाला आजवर घरातल्या कुणी पाठ दाखवली नव्हती. जनवाड्याहून निघून बीदर, हुमनाबाद, आळंद अशा गाड्या बदलत, वाटेत चिटगुप्प्याला उतरून खास हिरवा खण घेत ती सुनेला, राजश्रीला, संग घेऊन खजुरीला आली होती. बसमध्ये बायांनी विचारलं तर लेकीकडं सहज चाललेय म्हणाली. चोरचोळी सांगून करत नसतात. तिसऱ्या महिन्यात, गावाला कुणकुण लागायच्या आधी, माहेरच्या बायांनी गुपचूप यायचं, लेकीची ओटी भरायची आणि गुपचूप निघायचं. ओटीत खण पडला की पोटातलं लेकरू घरात मोजलं गेलं. मग त्याचं नाव, त्याचं नाक, त्याचा पायगुण, सगळ्याची बोलणी सुरू.

यात माहेर कोणतं आणि सासर कोणतं, हाही एक गुंताच होता. प्रेरणा सरुबाईच्या लेकाची, राजपालची, पोरगी. आणि नांदत होती ती सरुबाईच्या लेकीच्या, शिवगंगाच्या, घरात. शिवगंगाच्या लेकाला, बुद्धरत्नाला, मामाचीच पोरगी करायची, घरचं रक्त घरात राहील, हे सरुबाईनंच ठरवलं होतं. त्यामुळं या लग्नात ती दोन्हीकडची आज्जी. हळदीला तिला दोन लुगडी मिळाली, तेव्हाच ती म्हणाली होती, भांडण झालं तर शिव्याबी दोन्हीकडच्या मलाच मिळतील.

"आज्जी, आत्ता नको," प्रेरणा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "उद्या गुलबर्ग्याच्या बाईनं बोलावलंय. पोटातल्याची तपासणी करता येती म्हणली. ते आधी कळू दे, मंग भर."

उंबऱ्यावर प्रेरणाची थोरली, आमू, बसली होती. शाळेच्या हजेरीत आम्रपाली. ओटीसाठी फोडलेल्या खोबऱ्याची वाटी कुरतडत होती. परवाच गुलबर्ग्याला नेऊन रक्त चढवून आणलं होतं, म्हणून गालांवर जरा रंग होता. महिना भरत आला की हेच गाल हळदीच्या पाण्यासारखे पिवळे पडायचे, पोरगी चार पावलांत दमून खाली बसायची, आणि मग पुन्हा गुलबर्गा, पुन्हा सुई. डॉक्टरांनी त्या दुखण्याचं थॅलेसेमिया असं नाव सांगितलं होतं. सरुबाईच्या तोंडी ते कधी बसलं नाही. ती नुसतं "आमूचं" म्हणायची.

शिवगंगाला सुनेचं बोलणं खपलं नाही. वाढत्या जिवाला सुई टोचायची ही कुठली रीत, तिसरा महिना सरला तर चोरचोळी का चौथ्यात करायची, असं ती बोलतच सुटली. शेवटी म्हणाली, देवाच्या मनात असंल ते हुईल.

"देव तुझ्या बापानं दीक्षा घेतली तवाच घराभाईर ठेवले," सरुबाई म्हणाली. "नाव तेवढं जुनं ऱ्हायलं तुझं. आता अडलं म्हणून देवाला परत आत घेऊ नको."

शिवगंगा गप्प बसणारी नव्हती. तिनं मान वळवली ती राजश्रीकडं. आमूचं कुठून आलं ते काय कुणाला ठावं नाही का, तिच्या माहेरची, औरादकडची माणसं आधीपासून पिवळी, राजश्रीची माय कावीळ कावीळ म्हणत गेली ती काय उगाच. हे दळण आमूचं कळल्यापासून चालू होतं. राजश्री दर खेपेला पदर तोंडाला लावून ऐकून घ्यायची. आज तिनं पदर खाली घेतला.

"अक्का, माझ्या माहेरच्या नावानं लई खडे फोडलाव. मागल्या महिन्यात सगळ्यांचं रक्त घेतलंय. उद्या बाई सांगणार हाय. मंग बोला."

सरुबाईनं सुनेकडं बघितलं. हिला एवढं बोलता येतं हे तिला माहीत नव्हतं. मग तिनं नातीकडं बघितलं आणि तिच्या ध्यानात आलं की पोरगी हट्टानं उभी नाही, भ्यालेली आहे. ओटीत खण पडला की लेकरू मोजलं जातं, हे तिलाही ठाऊक होतं. मोजलेलं लेकरू मग कुणी कसं खोडायचं?

तिनं खण पिशवीत ठेवला. रांगोळी पुसायला निघालेल्या शिवगंगाला तिनं हातानंच थांबवलं.

"पाट ऱ्हाऊ दे तसाच. पाटाला काय भाकर लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सगळे गुलबर्ग्याला बसवंतप्पाच्या जीपनं गेले. खजुरीतला मोठा शेतकरी, वाडवडलांपासूनचा गौडा, म्हणजे गावचा पाटील. आमूचं कळल्यावर गावात रक्त कोण देणार असा प्रश्न पडला, तेव्हा पहिल्यांदा बाही वर केली ती यानं. तेव्हापासून आमूची तारीख आली की तो स्वतःच जीप काढायचा, कधी रक्त द्यायचा, कधी देणाऱ्याला घेऊन यायचा. सरुबाई त्याच्या जीपमध्ये बसली की तिला खजुरीतच लागलेलं शिवगंगाचं लग्न आठवायचं. त्या वर्षी वरातीसाठी पाणी कमी पडलं, आणि बसवंतप्पाच्या बापानं आपल्या विहिरीला ह्यांची घागर लावू दिली नव्हती. आता त्या घरचं रक्त आमूच्या अंगात फिरत होतं. बसवंतप्पाला ती हे कधी बोलली नाही. त्यालाही ते ठाऊक असावं, कारण जीपमधून उतरताना तो नेहमी तिला हात द्यायचा आणि दुसरीकडं बघायचा.

दवाखान्यात समजावून सांगणारी बाई नागरत्ना. वयानं प्रेरणाएवढीच, बोली कन्नड. आळंदकडच्या बायांशी बोलून बोलून मराठी शिकलेली. तिनं कागदावर बायांसाठी गोल आणि बाप्यांसाठी चौकोन काढले, आणि कुणाचा कोण ते विचारत रेघा जोडत गेली. बुद्धरत्नाच्या चौकोनातून रेघ वर शिवगंगाकडं. प्रेरणाच्या गोलातून वर राजपालकडं. राजपाल मास्तर, शाळेच्या परीक्षा म्हणून तो आला नव्हता, पण रक्त त्यानंही दिलं होतं. मग दोन्ही रेघा आणखी वर गेल्या आणि एकाच गोलात जाऊन मिळाल्या.

"ह्यो गोल कुणाचा?" सरुबाईनं विचारलं.

"तुमचा, अज्जी."

नागरत्नानं सावकाश सांगितलं. एक गुण असतो रक्तात, एकटा असला तर माणसाला काही करत नाही, नुसतं रक्त थोडं कमी दाखवतं. तो सरुबाईत होता. तिच्याकडून लेकीला गेला, लेकालाही गेला. लेकीकडून बुद्धरत्नाला, लेकाकडून प्रेरणाला. दोघं एकत्र आले तेव्हा आमूला दोन्हीकडून मिळाला, म्हणून आमूला रक्त लागतं. राजश्रीचं रक्त साफ. शिवगंगाच्या नवऱ्याचंही साफ.

सरुबाईला जन्मभर गिळलेल्या लोखंडाच्या गोळ्या आठवल्या. दर दवाखान्यात रक्त कमी, रक्त कमी, आणि ही गोळ्या खाऊन पुन्हा तिथंच.

शिवगंगा भिंतीवरच्या पंख्याकडं बघत बसली होती. सरुबाईच्या जिभेला असं मोकळं मैदान फार क्वचित मिळायचं.

"शिवगंगे, बघ गं. राजश्रीच्या माहेरचं न्हाई. तुझ्या माहेरचं हाय."

राजश्रीनं पदर तोंडाला लावला, पण आज तो हसू दाबायला होता की रडू, ते तिलाही सांगता आलं नसतं.

नागरत्ना घाईनं म्हणाली, हा कुणाचा दोष नाही, कुणी मुद्दाम दिलेला नाही. सरुबाई म्हणाली, ठावं हाय. शेत मीच वाटलं, दागिने मीच वाटले, ही एक वाटणी तेवढी माझ्या नकळत झाली. मग तिनं विचारलं, आता जे पोटात आहे त्याचं काय. नागरत्नानं सांगितलं की दर खेपेला चौघांत एक, अशी भीती असते. आमू एक झाली म्हणून पुढची तीन सुटली असं नाही.

"म्हंजी चिठ्ठ्या परत डब्यात टाकून नव्यानं काढायच्या," सरुबाई म्हणाली.

"बरोबर, अज्जी. पण आता चिठ्ठी उघडायच्या आधी वाचता येते. वारेचा बारीक तुकडा सुईनं काढून तपासतात. सुईचाही थोडा धोका असतो, तो मी लपवत नाही. वाचल्यावर काय करायचं, किंवा वाचायचंच की नाही, ते ह्या दोघांनी ठरवायचं. त्यातही हिनं." आणि तिनं बाकीच्यांना थोडा वेळ बाहेर बसायची विनंती केली.

सरुबाई जागची हलली नाही. एवढ्याशा पोरीवर एवढं ओझं टाकून आपण बाहेर बाकावर बसायचं, ही कसली पद्धत, असं तिनं विचारलं. नागरत्ना रागावली नाही. म्हणाली, नेहमीसाठी बाहेर बसा म्हणत नाही, आधी तिचं तिला बोलू द्या. या बोलण्यात सरुबाईला खोट काढता आली नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. ती उठली. जाताना दार मात्र तिनं पूर्ण लावलं नाही.

बाहेर बाकांवर आमूसारखीच पोरं, हाताला पट्ट्या चिकटवलेली, आयांच्या मांडीवर पेंगत होती. बसवंतप्पा एका अनोळखी बाईला रक्तपेढीची वाट दाखवत होता. सरुबाई खिडकीजवळ बसून राहिली.

बऱ्याच वेळानं प्रेरणा एकटीच बाहेर आली आणि आज्जीच्या शेजारी बसली.

"बाई म्हणती, तुझं मन काय म्हणायलंय ते सांग," ती म्हणाली. "आज्जी, माझं मन एकटं कवा काय म्हणलंय? शाळा, कॉलेज, लग्न, सगळं तुमी म्हणलाव."

"बुद्धरत्न काय म्हणायलाय?"

"तू म्हणशील तसं, म्हणायलेत. चांगल्या मनानंच म्हणायलेत. पर उद्या कायबी झालं तर ते मी म्हणले म्हणून झालं, असंच हुईल की. आत्या जन्मभर बोलून दाखवतील. आन् त्या न्हाई बोलल्या तर मीच बोलंन, माझ्या मनाला."

घरातल्या सगळ्या गोष्टी आपण ठरवतो याचा सरुबाईला अभिमान होता. पण ठरवणाऱ्याच्या पाठीशी बाकीचे निवांत झोपतात, हे या पोरीनं आज तिला दाखवलं. नागरत्नाचं खरं होतं, ठरवायचं पोरीनंच. पण ठरवून झाल्यावर ते वाहायचं कुणी, ते नागरत्नानं सांगितलं नव्हतं. ते तिचं कामही नव्हतं.

"तुला काय पायजे ते माझ्या कानात सांग," ती म्हणाली. "माझ्या तोंडाकडं बघू नको. मला काय वाटंल ते सोड."

प्रेरणानं तोंड तिच्या खांद्याजवळ नेलं.

"तपासायचं. आन् आमूसारखं असलं तर थांबायचं. आमू नकोशी झाली म्हणून न्हाई, आज्जी. आमूला सुई टोचतेत तवा तिचे पाय मी धरते. अजून एकाचे पाय धरायला माझ्याकडं हात न्हाईत."

सरुबाईला आमूची चिमुकली टाच आठवली. आपण कधी ती धरली नाही, हेही आठवलं. त्या वेळी ती नेहमी बाहेर चहा प्यायला जायची.

"बाईला हे तू सांग. तुझ्या तोंडानं, खरं खरं. सही तू कर," ती म्हणाली. "घराला मी सांगते. घरात हे तू म्हणलीच न्हाईस. सरुबाई म्हणली."

"पर ते खोटं हुईल."

"कामून खोटं? मी बी तेच म्हणायले की आता."

प्रेरणा आत गेली. थोड्या वेळानं सरुबाईनंही दारातून डोकं घातलं आणि नागरत्नाला सांगितलं, पोरगा का पोरगी ते मात्र विचारणार नाही. नागरत्ना म्हणाली, विचारलं तरी सांगणार नाही, अज्जी, जेल होते. सरुबाई म्हणाली, मग बरंच हाय, दोघीबी वाचलो.

दुपारी सुई झाली. प्रेरणा टेबलावर असताना तिचे पाय कुणी धरायची गरज नव्हती. तरी सरुबाईनं आत जायचं विचारलं, आणि नर्सनं हो म्हटल्यावर जाऊन नातीच्या घोट्यावर हात ठेवून उभी राहिली.

दिवे लागायच्या वेळेला खजुरीला परत आले. पाट जागच्या जागी होता, रांगोळी थोडी विस्कटलेली. सरुबाईनं पाणी प्यायच्या आधीच सगळ्यांना समोर बसवलं. शिवगंगाचा नवरा घरात असून नसल्यासारखा असायचा, त्यालाही बाजेवरून उठवून आणलं.

"सुई मी टोचायला लावली," ती म्हणाली. "आन् जे कळंल त्यावर काय करायचं तेबी मी ठरवलंय. कुणाला बोल लावायचा असंल तर मला लावा. पोरीला एक शब्द लागता कामा नये. माझे कान तसेबी आता कमी ऐकतेत, मला काय फरक पडत न्हाई."

बुद्धरत्न काही बोलायला गेला. मी पण तिथं होतो आज्जी, सही माझीबी आहे, असं काहीतरी. सरुबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि आवाज जरा उतरवून म्हणाली, मग आता बायकोजवळ जाऊन बस, तेवढं तुझं काम. तो गेला आणि बसला.

"आन् लोकाला कळलं तर?" शिवगंगानं विचारलं. सकाळपासून ती एवढंच बोलली होती.

"लोकाला म्हण, म्हातारी लई खाष्ट हाय. ते लोकाला काय नवं न्हाई."

मग तिनं पिशवीतून खण काढला. प्रेरणाचा चेहरा पुन्हा कालच्यासारखा झाला. अजून कळलं कुठं आज्जी, ती म्हणाली, आत्ताच कसं मोजायचं?

"ही ओटी पोटातल्याची न्हाई," सरुबाई म्हणाली. "पोट जिचं हाय तिची. चिठ्ठीत कायबी निघू दे, तू या घरात मोजलेलीच हाईस. बस."

पण पाटावर आधीच कुणीतरी बसलं होतं. कालपासून रिकामा पडलेला पाट बघून आमू मांडी घालून बसली होती, फ्रॉकची ओटी पुढं पसरून. तिला उठवायला राजश्री वाकली, तेवढ्यात सरुबाईनं तिचा हात धरला.

"तिला सरकायला लावा जरा. दोघींची भरा."

प्रेरणा लेकीच्या शेजारी बसली. गहू, खोबरं, हळकुंड, सगळं ताटात तयार होतं. रीतीनं पहिली ओटी आईनं भरायची, पण या घरात ताट कुणाच्या हातात जाईल हे शिवगंगा ठरवायची, आणि तिनं राजश्रीला इतकी वर्षं 'अगं'शिवाय हाक मारली नव्हती. तिनं ताट उचललं, उचलून राजश्रीसमोर धरलं.

"वैनी, आधी तुमी."

राजश्रीनं लेकीची ओटी भरली आणि नातीचीही भरली. हिरवा खण एकच होता. तो प्रेरणाच्या पदरात गेला. आमूला खोबऱ्याची अख्खी वाटी मिळाली. ती कालपासून तिच्याच मागं होती, म्हणून तिला सौदा पटला.

सरुबाई जनवाड्याला परतली, आणि फोन आला तेव्हा ती अंगणात तूर पाखडत होती. राजश्रीनं फोन तिच्या कानाला लावला.

"आज्जी," प्रेरणा म्हणाली आणि थांबली. मागून बुद्धरत्नाचा आवाज येत होता, सांग, सांग. "आज्जी, तुझ्यासारखं हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी तुझ्यासारखं, माझ्यासारखं. रक्त थोडं कमी, पर आपलं आपल्याला पुरतं."

सरुबाईनं सूप खाली ठेवलं. कोनाड्यात बुद्धांची तसबीर होती, तिथं तिनं हात जोडले. पण हात जोडून भागेना. ज्या माणसांकडं काही मागितलं नव्हतं त्यांनी एवढं दिलं होतं. तिनं राजश्रीला सांगितलं, त्या नागरत्नाला फोन लाव, म्हण अज्जीनं नमस्कार सांगितलाय. म्हण की दार मी उघडं ठेवलं होतं, पर ऐकलं काय न्हाई. बसवंतप्पाला लाव. त्याला सांग, म्हातारीनं जेवायला बोलावलंय. आपल्या घरी. आपल्या हातचं.

"आन् तू बस," ती सुनेला म्हणाली. "चहा मी टाकते."

राजश्री घाबरून उभीच राहिली. फोन अजून चालूच होता, आणि पलीकडं तो आता आमूच्या हातात गेला होता.

"आज्जी, पाट परत कवा मांडायचा?"

सरुबाई चुलीकडं जाता जाता थांबली.

"पाचव्यात," ती म्हणाली. "चोरून भरायची ती भरून झाली, माय. आता गाव बोलवू. तू आधी बसशील."